आरशासारखी फळी

सौ. धाकटीस, थोरलीचे भरभरून आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून जास्त विचारत नाही. आम्ही इकडे ठणठणीत आहोत, तुझ्या भाऊजींचा उजवा खांदा सोडून.

त्या खांद्यापायीच त्यांनी वर्कशॉपला कुलूप लावायचं काढलं. जन्मभर लाटांवर उभं राहायच्या लाकडी फळ्या घडवलेला माणूस. रंधा धरता येईना म्हणून दिवसभर नुसता बसून राही. मला बघवेना. म्हटलं, मी करते. तर म्हणाले, "अगं, सर्फबोर्ड आहे तो, इस्त्रीचं टेबल नव्हे!" शेवटी ठरलं, माझी फळी लाटेवर टिकली तर वर्कशॉप चालू, नाहीतर कुलूप.

मी कंबर कसली. रंधा मारला, कडा गोल केल्या (सूचना अखंड चालू, लग्नापासूनची सवय), लाकडाला जवसाचं तेल पाजलं. मग आठवल्या आपल्या शाळेतल्या सिस्टर. स्वतःचं तोंड दिसेपर्यंत बाक घासायला लावायच्या. तू फडकं धरून झोपायचीस आणि मी दोघींचे बाक चमकवायची. त्याच इमानाने मी फळीची वरची बाजू अशी चमकवली, की तिच्यात बघून भांग पाडला.

समुद्रावर बदकबाई आल्या (लाटेवर उभं राहायला शिकवतात, चालतातही तशाच). लाट आली, बाई उभ्या राहिल्या, आणि फळी एकीकडे, बाई दुसरीकडे. पुन्हा चढल्या, पुन्हा तेच. नाकातलं पाणी काढत ओरडल्या, "ताई, हिच्यावर उभं राहायचंय, की साबण म्हणून अंगाला लावायचीय?"

तुझे भाऊजी वाळूत बसून पोट धरून हसत होते. खांदा दुखायला लागल्यापासून पहिल्यांदाच. मी रडायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. "वेडे, वर पाय ठरायला हवा!" म्हणत त्यांनी डाव्या हातात काचकागद घेतला आणि माझी सगळी चमक उतरवली. त्यानंतर बदकबाई थेट किनाऱ्यापर्यंत उभ्याने आल्या, आणि आणखी एक फळी सांगून गेल्या. कुलूप रद्द!

तुझी,
थोरली

ता.क. फक्त लाकूड संपलंय. बाजारातलं जड आणि गाठाळ. "झाली हौस," म्हणून भाऊजी पुन्हा नुसते बसून. आईचं कपाट तुझ्याकडे आहे, हलकं, बिनगाठीचं. आई जन्मात घोट्याहून खोल पाण्यात उतरली नाही. तिचं कपाट तरी लाट बघू दे.

आणखी ता.क. हे पत्र देणारा टेम्पोवाला दारात उभाच असेल. भाऊजी गाडीतच बसलेत, मेहुणीकडे मागायला लाजतात. आधी त्यांना हाक मारून घरात घे. कपाटातले कपडे मग काढ.