गच्चीच्या अलीकडे

३ फेब्रुवारी

आज हात स्विचवर गेला. मामाचा शब्द परत न म्हणता!

नियम साधा आहे. मामा लिफ्टच्या छतावर उभा राहून काम करतो. मी वर मशीनरूममध्ये, मेन स्विचपाशी. तो शाफ्टमधून, लिफ्टच्या उभ्या पोकळीतून, ओरडतो. त्याचे शब्द मी जसेच्या तसे परत ओरडायचे, मगच स्विचला हात लावायचा. त्याला कळलं पाहिजे की मला कळलं; स्विच चुकून दाबला, तर तो छतावर असतानाच लिफ्ट हलेल.

आज आवाज आला. शब्द आत पोचलेच नाहीत. हात मात्र पोचला. दाबला नाही — बोटं टेकली फक्त. तेवढ्यात परत आवाज. ‘काय म्हणालो मी?’

मी हात मागे घेतला.

दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा गच्चीवर माझ्या मित्राबरोबर, बोक्याबरोबर, गांजा ओढला होता. मामाला वास आला असणार. परतीच्या वाटेवर तो पुढे पुढे चालला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी

स्विचपाशी आता मिशीवाला. मामाने रोजंदारीवर आणलाय. माझ्याकडे हत्यारांची पिशवी.

‘कधीपर्यंत, मामा?’

‘छतावर पाय ठेवताना स्विचपाशी कोण आहे, याचा मला विचार करावा लागणार नाही तोपर्यंत.’

९ फेब्रुवारी

इस्पितळाच्या मागच्या हॉलमध्ये एक गट भरतो. सगळे माझ्याच वयाचे. सगळे ओढणारे. आईने कुठूनतरी शोधून काढला. मी मुकाट्याने गेलो.

शिकवणाऱ्या ताईचा आवाज बारीक, पण ऐकावाच लागतो. ‘सोडा, असं मी म्हणत नाही. कमी करा. तलफ आली की आधी दम लागेपर्यंत अंग हलवा. मग ठरवा. मध्ये थोडी जागा पडू दे.’

एकजण म्हणाला, तो दोरीवरच्या उड्या मारतो. खालच्या मजल्यावरच्या आजी भांडायला आल्या. एकजण सायकल काढतो. मी म्हणालो, मी जिना चढेन.

लिफ्टवाला जिना चढणार! हॉलभर हशा.

१२ फेब्रुवारी

जिना चढलो. आमच्या इमारतीचा, तळापासून गच्चीपर्यंत. छाती भात्यासारखी. तलफ खरंच मागे पडली होती.

गच्चीवर बोका बसलेला. ‘किती दमलायस रे! घे.’

घेतला.

१३ फेब्रुवारी

परत तेच.

१६ फेब्रुवारी

गटात सांगितलं. ताईने डोळ्यांवरचा चष्मा काढला. ‘म्हणजे तलफ आली की तू पळत पळत गांजापाशी जातोस?’

सगळे हसले. मीही. इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नाही! जिना कुठे संपतो हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. बोका आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. शाळेपासून त्या गच्चीवर आम्ही दोघं. पायांना दुसरा रस्ता माहीतच नाही.

‘गच्चीच्या अलीकडच्या मजल्यावरून वळ,’ ताई म्हणाली. ‘उतर. परत चढ. दरवाजापर्यंत जाऊच नकोस.’

१७ फेब्रुवारी

वळलो.

२० फेब्रुवारी

वळताना बोक्याचा आवाज आला. ‘आलास ना? चपला ओळखतो मी तुझ्या.’

मी बूट घातले होते. तरी ओळखलं.

थांबलो नाही. खाली जाऊन परत चढलो तेव्हा तो जिन्यात येऊन बसला होता. ‘वर वारा आहे. इथे काय आहे?’ मी कठडा धरला. दम लागलेला. त्याने पाय आखडून वाट दिली. मी वळून उतरलो.

तो रागावला नव्हता. तेच जड गेलं.

२८ फेब्रुवारी

आई म्हणते, ‘लिफ्ट दुरुस्त करतोस आणि घरी घामाने निथळत जिन्याने येतोस! शेजारणी विचारतात, लिफ्ट परत बिघडली का?’

झोप बरी. भूक भलतीच. ओढतो अजून, पण अधूनमधून. तलफ येते, जिन्यात माझ्याबरोबर चढते, आणि बऱ्याचदा माझ्याआधी दमते.

८ मार्च

मामा जेवायला आला होता. ‘पाणी दे,’ म्हणाला. ‘पाणी दे,’ मी म्हणालो आणि तांब्या पुढे केला. तोंडातून आपोआप गेलं.

मामा हसला. आई म्हणाली, ‘हे काय, पोपट झालास का?’

स्विचच्या त्या दिवसानंतर मामा माझ्यासमोर पहिल्यांदाच हसला.

१५ मार्च

काम चालू असलं की लिफ्ट बंद, म्हणून जिन्यानेच जावं लागतं. पिशवी खांद्यावर असूनही मी मामाच्या आणि मिशीवाल्याच्या आधी वर. मिशीवाला कठड्याला टेकून म्हणाला, ‘अहो, तुमच्या भाच्याला लिफ्टऐवजी लावा. माणसं नेईल.’

मामा माझ्याकडे बघत होता. माझ्या हातांकडे.

२४ मार्च

‘परवा मोठं काम आहे,’ मामा म्हणाला. ‘मिशीवाला येणार नाही. त्याला मी येऊ नको म्हटलंय.’

म्हणजे स्विचपाशी मी. ते त्याने म्हणायची गरज नव्हती. आज जिना दोनदा.

२५ मार्च

संध्याकाळी गच्चीवर गेलो. बोक्याने बोलावलं नव्हतं. कारण काहीच नव्हतं. दिवस चांगला गेला होता.

जाताना अलीकडच्या मजल्यावर पाय क्षणभर थांबले होते. ते मला कळलंही होतं.

२६ मार्च

उंच इमारत. मामा शाफ्टच्या दारात उभा. एक पाय लिफ्टच्या छतावर. ‘जा वर. स्विच तुझ्याकडे.’

सात आठवडे याच वाक्याची वाट पाहिली.

‘आज नको,’ मी म्हणालो. ‘काल ओढला.’

मामाने माझ्या हातांकडे पाहिलं. मग छतावरचा पाय मागे घेतला.

‘आज नको. काल ओढला,’ त्याने जसंच्या तसं परत म्हटलं. दार लावलं. पिशवी स्वतः उचलली.

‘उद्या.’

‘उद्या,’ मी म्हणालो.