मधल्या पेराला गेलेली चीर

प्रिय बायडे,

हे पत्र आजच चंद्रकांताच्या हाती पाठवतोय, सुक्या बोंबलांच्या टोपलीत अगदी तळाला घालून. वास येईल, नाक मुरडू नकोस. फोनच केला असता, पण तुझा नवरा तुला फोन स्पीकरवर ठेवायला लावतो आणि समोर बसून ऐकतो, हे आता मला कळलं आहे. चंद्रकांता चिंचणीहून रोज तुमच्या चाळीत मासळी विकायला येतेच, आणि तिच्या टोपलीत हात घालायची कमलेशला किळस. हो, कमलेशच म्हणतोय. आजवर पाहुणे पाहुणे करत त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, आता तो शब्द तोंडातून निघत नाही. वाचून झालं की हा कागद जाळून टाक.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत ड्रम पडून त्याचा पाय कायमचा अधू झाला, तेव्हा तूच माझ्याकडे आली होतीस. "दादा, बोईसरला कुत्री लय हायत, बसवरून येताना यांच्या मागं लागतान. काठी अशी कर का टेकायलाबी व्हावी नि हाणायलाबी." अशा काठ्या मी वीस वर्षं करतोय. माहीमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईंपासून पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायांपर्यंत कितीजणींना दिल्या आणि कशा धरायच्या तेही शिकवलं. मग बहिणीच्या नवऱ्याची काठी म्हटल्यावर मी काय कमी करणार होतो? आठ दिवस रान धुंडाळलं. पोकळ बांबू पहिल्याच फटक्याला फुटतो, म्हणून बांबूतलीच भरीव मानवेल घेतली, पेरं जवळजवळ असलेली. मुळाकडचा गड्डा वर ठेवून त्याचीच मूठ केली. तीन महिने सावलीत वाळवली, निखाऱ्यावर शेकून सरळ केली, तेल पाजलं, तळाला लोखंडी शेंबी ठोकली. त्याला भिंतीशी उभं करून मनगटाच्या हाडापर्यंत माप घेतलं. इतकी चांगली काठी माझ्या हातून आधी कधी झाली नव्हती, आणि आज मला त्या हातांची लाज वाटते.

गेल्या महिन्यात तू तीच काठी दुरुस्तीला घेऊन आलीस. उजवा हात प्लास्टरमध्ये, काठी डाव्या काखेत. "मोरीत घसरले, काय नाय झाला," म्हणालीस. "बिगीनं कर दादा, ते काठीबिगर बसून हायत." मी तुला हसलो. लहानपणापासून तू अशीच धडपडी, म्हणालो. तुझी वहिनीही हसली आणि तिने चहा टाकला.

मग मी काठी हातात घेतली. बायडे, टेकून टेकून काठी फुटते ती खाली, शेंबीपाशी. मधल्या पेराला चीर जाते ती आडव्या फटक्याने. तरी मला वाटलं, कुत्र्याला हाणलं असेल. चीर साफ करायला चिमटा घातला तर आतून हिरव्या काचेचा कपचा निघाला. तुझ्या डाव्या हातात तशाच बांगड्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. तू चहा फुंकत होतीस आणि लेकीचं कौतुक करत दिशाला गणितात किती मार्क पडले ते सांगत होतीस. मी कपचा मुठीत धरला तो तळव्यात रुतला, तरी मला कळलं नाही. तुला म्हणालो, वेळ लागेल, तोवर ही साधी काठी ने. तू गेल्यावर चंद्रकांताला गाठून विचारलं तर ती म्हणाली, "तुला आज कळला? आख्ख्या चाळीला म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी मी घरातली सगळ्यात जड काठी घेऊन त्याच्या कंपनीच्या गेटवर गेलो होतो. हे तुला माहीत नाही. पाय गेल्यापासून त्याला गेटवरच बसवतात; तो खुर्चीत बसला होता, ड्रायव्हरशी हसत होता. रस्त्यापलीकडे उभा राहून मी ठरवत होतो, आधी खांदा की आधी मनगट. मनगटच, म्हटलं, तुझं मोडलं तसं. मग विचार आला की मला पोलीस नेतील, त्याला प्लास्टर घालून घरी पाठवतील, आणि तिथे तू असशील. परत फिरलो. घरी येईपर्यंत दात आवळून आवळून जबडा दुखायला लागला होता.

मग जे त्याच्या अंगावर करायचं होतं, ते काठीवर केलं. त्याच चिरेपाशी बारीक करवतीने पाऊण जाडीपर्यंत आडवं कापलं. लाख भरली, वरून पातळ पत्र्याची पट्टी चकचकीत करून बसवली. बघणाऱ्याला वाटावं, देवूने काय मजबूत काम केलंय. सरळ टेकली तर ती त्याचं वजन पेलते. जोरात फिरवली की तिथेच वाकेल. एका बाजूचे धागे मी राखलेत, म्हणजे तुकडा उडून तुला लागणार नाही, काठी नुसती लोंबेल. आणि उगारायच्या झोकात त्याचा अधू पाय त्याला सावरणार नाही, तो तोंडावर आपटेल. आधी दुसरी काठी तशीच कापून मी तीनदा करून पाहिलं. खोटं कशाला सांगू, करवत ओढताना मी गुणगुणत होतो. तू परत येऊन ती काठी घेऊन गेलीस त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवलो.

तेव्हापासून मी वाट बघतोय. बाजारात चंद्रकांता दिसली की पहिला प्रश्न, पडला का? नाही म्हणाली की माझा दिवस वाईट जायचा. सोमवारी ती वैतागली. मी काठीचं सगळं तिला सांगितलं होतं, मोठ्या ऐटीत. टोपली खाली ठेवून म्हणाली, "पडंल तवा पडंल रं. पन पडायच्या आदी त्यानं ती काठी कोनावर उचलायची, ता सांग." बायडे, इतके दिवस मी त्याला पडलेला बघायला इतका आसुसलो होतो की तू पुन्हा एकदा त्या काठीखाली उभी राहावीस, याचीच वाट बघत होतो. मी, तुझा भाऊ. काचेचा तो कपचा काढला त्याच दिवशी तुला घरी जाऊ द्यायला नको होतं.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी तो पहिल्या पाळीच्या बसमध्ये चढला की तू निघ. दिशाला शाळेत धाडू नकोस, सोबत घे. हाताच्या एक्स-रेचे कागद, रेशनकार्ड, तिचा दाखला, एवढंच घे, भांड्याकुंड्यांत जीव अडकवू नकोस. नाक्यावर मी रिक्षा घेऊन उभा असेन. आधी पोलीस ठाण्यात जाऊ, मग घरी. वहिनीने तुमचं अंथरूण काढून ठेवलं आहे. मी त्याला माफ केलं असं समजू नकोस, जन्मात करणार नाही. काठी तशीच त्याच्या हातात राहू दे. दुपारी तो घरी येईल, तुला हाक मारील, पुन्हा मारील, आणि मग दारावर, भांड्यांवर, जे समोर दिसेल त्यावर ती काठी उगारील. पडू दे त्याला. पडल्यावर तो तुझंच नाव घेऊन ओरडेल, आणि त्या वेळी त्या खोलीत त्याला उठवायला कोणी नसावं, एवढंच मला हवं आहे.

तुझाच,
देवूदादा