भरावावरचा कडूलिंब

आबा, काल माणात गावी जाऊन आले. आपल्या गावच्या तलावाच्या भरावावरचा कडूलिंब तोडायचं ठरलं. तुमचं झाड म्हणून गाव त्याला हात लावू देत नव्हतं, शब्द माझाच हवा होता. तो मी दिला.

तुम्ही त्या तलावाचे चौकीदार होता, तेव्हा मी चौथीत असेन. शाळेत मिळालेलं रोप मी भरावाच्या उतारावर लावलं. तुम्ही ते मुळासकट उपटलंत आणि माझ्या हातात ठेवलंत. "धरनावर झाड न्हाई लावायचं. मूळ आत जातंय, कवातरी कुजतंय, आन् त्याच वाटंनं पानी भाईर येतंय. समदं गाव ह्येच पानी पितंय." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तरी तुमच्या मागं मागं पायथ्याशी जायचीच. पाझराचं पाणी तुम्ही काचेच्या पेल्यात धरून उन्हात बघायचा. निवळ असलं की नुसती मान हलवायचा. गढूळ आलं तर आतली माती वाहतेय, हे मला तिथंच कळलं.

तुम्ही गेल्यावर त्याच जागी मी हा लिंब लावला. नव्या चौकीदारानं तुमच्या मानापोटी तो कधी उपटला नाही. आता बुंधा माझ्या कवेत मावत नाही. विश्रामबागेतल्या कॉलेजात मी दरवर्षी मुलांना मुळं किती लांब जातात ते शिकवते, आणि गावी गेले की याच सावलीत डबा उघडून बसते! यंदा त्याच्या खाली ओल दिसली. तुमचा पेला नेला होता. पाणी अजून निवळ आहे, म्हणजे वेळ आहे. उन्हाळ्यात तलाव तळाला गेला की झाड तोडायचं, मुळं खणून काढायची, खड्डा थराथरानं माती ठोकून भरायचा. पाटबंधारे खात्याचे इंजिनिअरही हेच म्हणाले. नाहीतर गाव पुन्हा टँकरची वाट बघत बसेल.

शेरडं राखणारी म्हातारी मात्र बुंध्याला टेकून बसली. "आबाचं झाड म्हंत्यात ह्येला. बापावर कुऱ्हाड घालतीस व्हय गं?"

"आजी, झाड माझं. आबांचं धरण हाय."

"आन् माझ्या शेरडांनी बसायचं कुठं? तुझ्या कालिजात?"

जमलेले सगळे हसले, मीही. भरावापासून लांब पाच लिंब लावून देते म्हटल्यावर ती उठली. "जगवायला बी तूच ये मग." जाईन.

हे पत्र वहीतच राहील. एवढं मात्र कबूल करते. लिंब लावताना तुमचं बोलणं मी विसरले नव्हते. उपटायला तरी तुम्ही याल, असं वाटलं होतं.