बांधावरचा बोरा

मेघा,

मी आसगावच्या फाट्यापर्यंत पैदल चालली. भुपेंद्रले सांगजो, आईले आनाले गाडी काढू नोको. काल अर्ध्या रस्त्यातून त्याच्या गाडीवर बसून वापस आली, तेवढं पुरे.

आजपासून मले भात एकच वाटी वाढजो. मी तोंड वाकडं केलं तरी वरून देऊ नोको.

आन् एक सांगाचं राह्यलं. महिनाभर तू मले वजन उतराले म्हणून कापून देते ते काकडी आन् मुळे मी शेळीले चारले. शेळी भरली, मी होती तशीच.

धानाच्या रोवण्याच्या दिवशी तू साऱ्या बायांसमोर बांधावर बसाले गोणपाटाचा बोरा टाकला आन् म्हणाली, "आई, तुमच्यानं वाकणं होत नाही, तुमी इथंच बसा." तीस वर्सं वावरातल्या त्याच बांधीत माही ओळ सगळ्यांच्या आधी सरे, म्हणून लागलं मले. तवापासून तुयाशी धड बोलली नाही. पण तू खोटं काय बोलली?

आज सकाळी वाकून पाह्यलं. हात घोट्यापर्यंत पोचले. पायाचे आंगठे राह्यले.

पुढल्या रोवण्याले बोरा घरीच ठेवजो. माह्या बाजूची ओळ तू धरजो, आन् मांगं राह्यली तर मी थांबनार नाही.

— आई