हमखास जागेची तारीख

यवतमाळ
६ ऑगस्ट २०२५

चि. बबितास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि विद्यापीठाच्या कागदाचा फोटो, दोन्ही मिळाले. फोनवर तू नुसतं हो-हो करून मोकळी होतेस, म्हणून पत्राचा माझा हट्ट. निवृत्त मास्तरची खोड समज.

ऐंशी टक्क्यांवरच्यांना हमखास प्रवेश, आणि तुला चौऱ्याऐंशी. कागदाची पहिली ओळ वाचूनच मी चष्मा काढून ठेवला. तुझ्या काकूने गल्लीभर पेढे वाटले. आपल्या तांड्यातली पहिली मुलगी विद्यापीठात चालली, याचा मला फार आनंद आहे.

तू विचारतेस, तीजेचा सण सोडून आधी प्रवेश घेऊन यावं का. एवढी घाई कशाला? राखीला तुम्ही पोरी टोपल्यांत गहू पेराल, नऊ दिवस पाणी घालाल. तुझी तांड्यातली ही बहुधा शेवटची तीज. तांड्याच्या नायकाने दिलेला शब्द कधी फिरला आहे का? विद्यापीठाची हमीही तशीच. टोपल्या नदीत शिरवून मग सावकाश जा.

तुझ्या आईला, नंदाबाईला सांग, लेकीच्या पेटीत लाडू भरपूर ठेव.

तुझा काका,
अमरसिंग


तांडा, ता. दारव्हा
१९ ऑगस्ट २०२५

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

काल बाबांबरोबर विद्यापीठात गेले होते. जीपने दारव्हा, तिथून एसटी. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की प्रवेश निश्चित करायची मुदत चौदा तारखेला पाच वाजता संपली, आणि माझी जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला गेली. बाबा म्हणाले, आमची तीज होती. बाई चांगल्या होत्या, आम्हाला पाणी दिलं. पण म्हणाल्या, हमी होती ती मुदतीत येणाऱ्याला.

काका, एक सांगायचं राहिलं. ती तारीख मी वाचली होती. कागदाच्या अगदी खाली होती. तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, काकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं; त्यांना खोटं कसं पाडायचं? चौदाला पाच वाजले तेव्हा मी टोपलीला पाणी घालत होते. कुणालाच बोलले नाही.

आई म्हणते, कायले रडून राह्यली, आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावते. तुमच्या वाटणीचे गव्हाचे कोंब वहीत ठेवले आहेत. वाळले आहेत.

माझ्यावर राग धरू नका.

तुमची,
बबिता


यवतमाळ
२५ ऑगस्ट २०२५

चि. बबितास,
अ. उ. आ.

राग कुणावर धरू? तीस वर्षं पोरांना प्रश्न शेवटपर्यंत वाचा म्हणून ओरडलो, आणि घरच्या पोरीचा कागद एका ओळीत मिटवला. तू विचारलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं की पोरीच्या मनात काही आहे. चार दिवस पेन हातात धरवलं नाही. पेढे खाल्लेले शेजारी विचारतात, पोरगी गेली का, आणि मी विषय बदलतो.

धीर सोडू नकोस. पुढच्या वर्षी आपण दोघं पहिल्याच दिवशी जाऊ. टक्के कुठे जात नाहीत. ऐंशीच्या वर आहेस तोवर तुझा हमखास प्रवेश कायम आहे.

आणि ही माझी आज्ञा समज. यापुढे मी चुकलो तर मला सांगायचं. मोठा म्हणून भीड धरायची नाही.

कोंब वाळले तरी मला हवेत.

तुझा अपराधी काका,
अमरसिंग


तांडा, ता. दारव्हा
१ सप्टेंबर २०२५

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

तुमची आज्ञा पाळते आहे. काका, तुमचं चुकलं आहे.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी विद्यापीठात फोन केला, नियमही पुन्हा वाचले, यावेळी खालपर्यंत. हमखास प्रवेश फक्त त्याच वर्षी बारावी झालेल्यांना मिळतो. पुढच्या वर्षी माझं नाव सगळ्यांसारखं साध्या यादीत असेल. लागलं तर लागेल. अर्ज मी भरणारच आहे, आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवीन.

हे चार शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. ऑगस्टमध्ये तुमचं पहिलं पत्र आलं, तेव्हाच हे उत्तर लिहायला हवं होतं.

सोबत कोंब पाठवते आहे. तुम्हाला चुकलात म्हटलं, तरी माया पूर्वीसारखीच असू द्या.

तुमची,
बबिता