जुन्या गेमबद्दल गोविंदाचं मत

परळी, रविवार, संध्याकाळ

गेमिंग कॅफेत आज पुन्हा तोच वाद. मालक बबनअण्णा म्हणाले, "तो जुना लढाईचा गेम उद्या काढतो, नवा टाकतो."

"काढाच अण्णा," सलीम म्हणाला. "माणसं खोक्यावानी दिसतात. बर्फ तर पिठासारखा."

मी भांडलो. मला तो बर्फच आवडतो. का, ते काही सांगता येईना.

तेवढ्यात गोविंदा आला. शाळेत आमच्याच वर्गात होता, आता फौजेत आहे, तिकडं बर्फाच्या डोंगरांत, कालच चार दिवसांच्या सुट्टीवर आलाय. सलीमनं त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारच्या कॉम्प्युटरवर तोच गेम लावून बसला. "तूच खेळून सांग बे, खरं असंच असतं का?"

गोविंदानं बंदूक चालवलीच नाही. आम्ही कधी जात नाही त्या तारेच्या कुंपणाशी जाऊन तो नुसता डोंगर बघत राहिला. पांढरे, लांबच लांब. स्पीकरमधून वारा येत होता. एवढ्या उकाड्यात माझ्या अंगावर काटा आला.

मागून सलीमनं त्याला गोळी घातली. पडदा लाल झाला. कुणीच हसलं नाही.

"लई चांगला गेम हाय," गोविंदा म्हणाला. "कावून काढता?"

"जुना झाला ना बे."

"इथं मेलेला परत उठतो. ऱ्हाऊ द्या की."

अण्णा म्हणाले, बरं, राहू दे.

घरी आलोय, पण अजून त्या डोंगरांतच फिरतोय मी. तिकडं त्याचं कोण गेलं असेल? बुधवारी त्याची गाडी आहे. तोवर विचारता येईल मला?