उजव्या पायाची सवय

युसूफ वडगाव, ता. केज
९ सप्टेंबर २०२४

प्रिय ऋतुताई यांस,

वनमालाचा स. न. वि. वि. आमी सगळे बरे हाव, असं लिवायची पद्धत हाय म्हणून लिवते.

फोन करावा तर घर एका खोलीचं, आन् तुमचे दादा दारातच बसलेले. त्यांच्यासमोर त्यांचंच कसं बोलावं? म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. तुमी हसाल, वहिनी शाळेतल्यासारखं पत्र लिवती म्हणून. हसा.

विजयसिंह मालकांनी मोसंबीच्या बागंसाठी तो बुटका ट्रॅक्टर आणला. फांद्यांखालून सरळ जातो. तुमी सांगितलं व्हतं तसाच हाय. क्लच न्हाई, गिअर पाडायचे न्हाईत, पायानंच पुढं आन् पायानंच मागं. एकटा उजवा पाय सगळं करतो, असं तुमी म्हणलात आन् तवापासून तुमचे दादा माणसात आलते. उसाची ट्रॉली जोडताना डावा पाय गेला, त्यानंतर पहिल्यांदा दाढी केली, जयपूर फूट चढवला आन् बागंत गेले. मालक बी म्हणाले, शहादेव, तुझ्यासारखा डायवर तालुक्यात न्हाई, चालवून दाखव, बागंची गाडी तुझी.

ताई, ब्रेक डावीकडं हाय.

जिथं क्लच असतो तिथं. उजवीकडं दोन पायडल, एक पुढं जायचं, एक मागं यायचं. थांबायचं डावीकडं. चालू करताना सुदिक तो ब्रेक दाबून धरावा लागतो. यांनी दोन्ही हातांनी रबरी पाय उचलून पायडलवर ठेवला. गाडी चालू झाली. मग पाय कवा घसरला ते यांना कळलंच न्हाई. त्या पायाला काय कळणार? मालकांनी बघितलं. घट बसायच्या आत सराव करून ये, असं म्हणाले आन् तोंड फिरवलं.

इकडं राधाकिशन मुकादम चकरा मारतोय. दसरा झाला की टोळी कारखान्याला निघणार. तुमाला ठाऊकच हाय, ऊस तोडायला जोडी लागती, एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या, तवा एक कोयता धरतेत. यांच्याबिगर मी अर्धाच कोयता. मुकादम म्हणला, पोरगी हाय की घरात, दहावी शिकून कलेक्टर व्हणार हाय का. रोहिणी चुलीपाशीच व्हती. तिनं मुकादमाला चहा दिला आन् भाहेर गेली ती अंधार पडल्यावर आली.

तुमी ट्रॅक्टरच्या कंपनीत काम करता. तो ब्रेक उजवीकडं घेता येतो का, एवढंच सांगा. येत असंल तर मी मालकाच्या पाया पडते.

माया हायच, ती अशीच ठिवा.

तुमची वहिनी,
वनमाला

*

चाकण
१५ सप्टेंबर २०२४

ती. वहिनीस,

ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून कँटीनमध्ये रडले. बाजूची म्हणाली, कुणाचं गं प्रेमपत्र? मी म्हणलं, वहिनीचं.

चूक माझी आहे. आमच्याकडं टेस्टिंगला आलेल्या मॉडेलमध्ये ब्रेक उजवीकडंच होता, म्हणून मी तसं बोलून बसले. प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं ठेवते, हे मला तरी कळायला पाहिजे होतं. डिप्लोमा काय लोणचं घालायला केला का मी.

मी इथल्या सरांना विचारलं. ब्रेक उजवीकडं आणायचा म्हणजे पायाखालचा पत्रा कापून दांडा आरपार न्यावा लागेल. मालक नव्या गाडीला हात लावू देणार नाहीत, आणि गावातल्या वेल्डिंगवर ब्रेकचा भरवसा मी तरी ठेवणार नाही.

पण वहिनी, दादाला नीट सांग. या गाडीला थांबायला ब्रेक लागतच नाही म्हणलं तरी चालंल. पुढं जायच्या पायडलवरचा पाय उचलला की ती आपोआप थांबते. ब्रेक फक्त चालू करताना आणि उतारावर. चालू करताना हातानं पाय ठेवू दे, त्यात लाज कसली. बाग सपाटच आहे. रोज खुर्चीवर बसव, उजव्या पायाखाली दोन विटा ठेव, आणि तू मध्येच ओरड. ओरडलीस की त्यानं पाय उचलायचा, दाबायचा नाही. ओरडायचं काम तुला जमतंच.

रोहिणीला म्हणावं, आत्या आहे. मुकादमाला अजून काही कबूल करू नका.

आठवण ठेवतीस तशीच ठेव, वरचेवर लिही.

तुझी,
ऋतुजा

*

युसूफ वडगाव
२७ सप्टेंबर

चि. ऋतुजास आशीर्वाद.

फोनवर तू रडतीस आन् मला ते सहन व्हत न्हाई, म्हणून लिवतोय. अक्षर हसू नको.

विटावर पाय ठिवून वनमाला वराडायची, मी पाय उचलायचो. गल्लीतली पोरं बघायला यायची. म्हणायची, शहादेवकाका विटाचा ट्रॅक्टर हाणतोय. मी बी हसलो. लई दिवसांनी हसलो.

काल मालकानं बोलावलं. चालू करताना पाय हातानं ठिवला, कुणी काय बोललं न्हाई. झाडांच्या दोन वळी झ्याक मारल्या. गाडी अशी चालली जसं पाण्यावर चाललीय. मालक बांधावर उभा, संगट अमरसिंह त्याचा पुतण्या. मला वाटलं, जमलं बे शहादेव.

तिसऱ्या वळीत बागंत खुरपायला येणारी कडूबाई झाडाआडून निघाली, डोक्यावर गवताचा भारा. तिला दिसलं न्हाई. मला दिसलं. आन् ऋते, मी पाय दाबला. उजवा. जीव खाऊन दाबला. सारी जिंदगी तितंच ब्रेक व्हता. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घाटात त्याच पायानं धरल्यात मी. तू म्हणलीस उचल. ध्यानात व्हतं माझ्या. पायाच्या ध्यानात नव्हतं.

गाडी उडी मारून पुढं गेली. कडूबाई भाऱ्यासगट सरीत पडली म्हणून वाचली, हात खरचटला. गाडी मोसंबीच्या बुडाला जाऊन थटली.

मी सगळ्यांला सांगत फिरत व्हतो, ब्रेक डावीकडं हाय म्हणून माझं नशीब फुटलं. डाव्या पायाचा काईच दोष न्हाई. जो चांगला हाय त्यानंच घात केला. आता कोणत्या पायाचं नाव घेऊ?

कडूबाईच्या घरी जाऊन हात जोडून आलो. ती म्हणली, जाऊ दे बाबा. मालक नुसता झाडाची सोललेली साल बघत बसला, ते जास्त लागलं.

राधाकिशनला सांगितलंय, वनमाला आन् रोहिणी, एक कोयता. मी पालावर राहीन, भाकरी थापीन. बापानं भाकरी थापायच्या आन् लेकीनं मोळ्या बांधायच्या. मंजूर हाय. तू मधी पडू नको. फोन करू नको.

सुखी ऱ्हा.

शहादेव

*

(शाळेच्या वहीचा अर्धा कागद, तारीख नाही)

आत्या, नमस्कार. मला जायचं न्हाई. आईला सांगू नको मी लिवलं ते.
रोहिणी

*

चाकण
१ ऑक्टोबर २०२४

ती. वहिनीस,

नमस्कार. आज विचारपूस नाही, टिंगल नाही. हे पत्र दादाच्या हातात पडू देऊ नको, आधी तू वाच.

दादा फोन उचलत नाही. काल मी आमच्या टेस्टिंगच्या मैदानावर सरांच्या पाया पडून तसाच, डावीकडं ब्रेक असलेला ट्रॅक्टर चालवायला मागितला. मी लहानपणी दादाच्याच मांडीवर ट्रॅक्टर शिकले. सरांनी अचानक समोर बॅरल लोटला. मी काय केलं असंल? दाबला. सगळं माहीत असून दाबला. मग आमच्याकडची एक नवी पोरगी बसली, जिनं आयुष्यात स्कूटीसुद्धा चालवली नाही. तिनं घाबरून पाय उचलला. गाडी जागेवर उभी.

वहिनी, जो कधी ट्रॅक्टरवर बसलाच नाही, त्याच्या पायाला काही विसरायचं नाही. तुझ्या पायाला काही विसरायचं नाही.

तू बस.

गाव काय म्हणंल, ते मला माहीत आहे. मी मालकांना फोन केलाय. आधी हसले. मग म्हणाले, अमरसिंहनं सुद्धा परवा त्याच गाडीनं कुंपण पाडलंय, माझ्या घरात तरी कुठं कुणाला जमतंय. दोन दिवस गाडी शिकायला देतो म्हणाले, दादा सोबत असंल तरच. म्हणून दादाला तूच विचार. त्याला वाईट वाटंल. लई वाईट वाटंल. तरी विचार. कशासाठी ते तुला सांगायला नको, रोहिणी तिथंच चुलीपाशी बसलेली असंल.

माझ्यावर राग आला तर धर, पण उत्तर दे.

ऋतुजा

*

युसूफ वडगाव
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय ऋतुताई यांस,

स. न. वि. वि.

यांना विचारलं. दिवसभर जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चल. तुमच्या दादांनी मला शिकवलं. मी काष्टा घालून गाडीवर बसले, बांधावर बाया तोंडाला पदर लावून हसत व्हत्या. हे काठी टेकत बाजूनं चालायचे आन् शिव्या द्यायचे. पाय हलका ठिव, पायाखाली अंडं हाय असं समज. भ्या वाटलं की उचल, दुसरं काय करू नको. ताई, तुमाला सांगते, मला त्या शिव्या लई गोड लागल्या. पाय गेल्यापासून मला शिवी सुदिक दिली नव्हती यांनी.

परवा मालक बघायला आले. दोन वळी झाल्या. मालक म्हणाले, मोकळ्या वळीत कुणी बी चालवील, समोर माणूस आलं तर? हे तसेच चालत पुढं गेले, वळीच्या मधोमध माझ्याकडं तोंड करून उभे राहिले. काठी टाकून दिली. हात केला, ये.

मी गेले. एका हाताच्या अंतरावर पाय उचलला, गाडी उभी. मालक शाब्बास म्हणाले. हे म्हणाले, मागं घे, परत ये, जोरात. मी मागं घेतली, परत आले, परत थांबली. मालक म्हणाले, बास, झालं, उद्यापासून काम तुझं. हे जाग्यावरून हलले न्हाईत. म्हणाले, परत ये. अजून जोरात.

मी यांच्या तोंडाकडं बघितलं. इतके दिवस आपण सगळे ब्रेककडं बघत व्हतो, पायाकडं बघत व्हतो. तोंडाकडं कुणी बघितलंच नव्हतं. ताई, हे मला शिकवायला उभे नव्हते.

मी गाडी बंद केली. चावी काढून कमरंला खोचली. उतरले, मालकादेखत यांचा हात धरला. जिंदगीत पहिल्यांदा. म्हणलं, तुमी हितून हलल्याबिगर मी परत चावी लावणार न्हाई, आन् मी एकटी एक दिवस सुदिक येणार न्हाई. आज रोहिणीचा कोयता सुटला, उद्या काय ते तुमीच ठरवा. हे लई वेळ उभे राहिले. मालकांना काय कळलं कुणाला ठाऊक, ते बांधाकडं निघून गेले. मग हे म्हणाले, काठी कुठं पडली बघ.

मुकादमाला न्हाई म्हणून कळवलं. त्यानं शिव्या घातल्या, घालू दे. रोहिणी शाळंत गेली. जाताना बापाकडं बघून गेली, माझ्याकडं न्हाई.

हे अजून नीट बोलत न्हाईत. मी यांना नजरंआड व्हऊ देत न्हाई. वळीत पुढं चालू देत न्हाई, मागं राहू देत न्हाई. बाजूला, मला दिसतील असं. काल मालक म्हणाले, इतक्या हळू चालवलं तर फवारणी कवा उरकायची. मी म्हणलं, उरकंल. या गाडीला गिअर न्हाई, ती जितकं म्हणावं तितकं हळू चालती. मी ती यांच्या चालीनं चालवते.

तुमी या. दसऱ्याला या, त्याआधी जमलं तर त्याआधी. लोभ कागदावर नको आता, तुमीच या.

तुमची वहिनी,
वनमाला